आपल्याकडे पास, समोरच्याकडे फेल: मधूनच अडकणाऱ्या वेब सर्व्हिसचं समस्या निवारण

तक्रार साधारण अशी येते: "तुमची सर्व्हिस मधूनमधून टाइमआउट देतेय." आपण पोस्टमन (रिक्वेस्ट पाठवून बघण्याचं टूल) उघडून तीच रिक्वेस्ट मारतो, पाव सेकंदात २००, म्हणजे सगळं ठीक असल्याचा स्टेटस कोड, येतो. "आमच्याकडे नीट चालतंय" असं लिहून तिकीट बंद होतं आणि थोड्याच दिवसांत तेच तिकीट पुन्हा उघडतं. हा बिघाड मी वेगवेगळ्या टीमसोबत बसून पुन्हा पुन्हा निस्तरला आहे. सर्व्हिस बदलते, भाषा बदलते, कारणं मात्र त्याच पाच-सात जागी सापडतात. मधूनच होणारा बिघाड लहरी नसतो. बहुतेक वेळा किती सेकंद लागले हा आकडाच सांगतो की गडबड कुठे आहे. तो आकडा कोणी नीट मोजलेला नसतो, एवढंच.

लक्षणं

- शंभरातल्या एक-दोन रिक्वेस्ट ५०२ किंवा ५०४ (मधल्या सर्व्हरला मागच्याकडून नीट किंवा वेळेत उत्तर मिळालं नाही, असे कोड) देतात, बाकी सगळ्या ठणठणीत. त्या एक-दोन रिक्वेस्टचा आपल्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये मागमूस नसतो.
- डॅशबोर्डवर सरासरी वेळ छान दिसते, तरी लोक "स्लो आहे" म्हणतात.
- बराच वेळ वापर नसला की नंतरच्या पहिल्या काही रिक्वेस्ट हमखास पडतात.
- छोटी रिक्वेस्ट जाते, मोठी लटकून राहते.
- ब्राउझर आणि पोस्टमनमधून चालते, समोरच्याच्या जावा किंवा डॉटनेट प्रोग्राममधून नाही.
- २०० येतो, पण आतला डेटा बिघडलेला असतो: आयडीचा शेवटचा अंक वेगळा, तारीख एक दिवस मागे, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं.
- रीस्टार्ट केलं की काही तास बरं वाटतं.

यातली तुमची लक्षणं आधी लिहून काढा. दोन-तीन एकत्र असतील तर कारणंही बहुधा एकापेक्षा जास्त असतात. एक सापडलं म्हणून थांबलात तर दुसरं तसंच राहतं.

आणि एक विनंती: तपास होईपर्यंत टाइमआउट (उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा) वाढवू नका, रिट्राय (फसल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न) हेही वाढवू नका. टाइमआउट ३० चा ६० केला की तक्रार अर्ध्या मिनिटाने उशिरा येते, बाकी काही बदलत नाही. रिट्रायने तर पुरावाच झाकला जातो. दोन्ही गोष्टींची योग्य जागा आहे, ती पुढे येईल.

पहिली तपासणी: तक्रारीला वेळ आणि पत्ता द्या

याला खर्च शून्य, आणि तरी हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. समोरच्या टीमकडून एका, फक्त एका, फसलेल्या रिक्वेस्टची पूर्ण माहिती मागा: सेकंदापर्यंतची वेळ आणि तिचा टाइमझोन, पूर्ण यूआरएल, स्टेटस कोड, रिस्पॉन्सचा मजकूर, सगळे हेडर आणि त्यांच्याकडून बाहेर पडताना दिसणारा आयपी. "दुपारी तीनच्या सुमारास" यावर काहीच शोधता येत नाही.

मग ती रिक्वेस्ट प्रत्येक थरात शोधा. लोड बॅलन्सरच्या (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या थराच्या) लॉगमध्ये आहे पण ॲप्लिकेशनच्या नाही, तर भानगड दोघांच्या मध्ये. दोन्हीकडे नाही, तर ती आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही. दोन्हीकडे आहे आणि ॲप्लिकेशनने २०० नोंदवला आहे, तर उत्तर परत जाताना कुठेतरी हरवलं किंवा क्लायंट वाट पाहून निघून गेला. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ४९९ दिसला तर तो हाच दुसरा प्रकार: क्लायंटने आधी जोडणी बंद केली.

५०२ चा मजकूर नीट वाचा. आपली सर्व्हिस एरर नेहमी जेसनमध्ये देत असेल आणि इथे एचटीएमएलचं पान आलं असेल, तर ते आपल्या कोडने लिहिलेलंच नाही, मधल्या प्रॉक्सीने (रिक्वेस्ट पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरने) लिहिलं आहे. एवढ्या एका निरीक्षणाने कोड वाचत बसण्याचा अख्खा दिवस वाचतो.

याच वेळी सगळ्या मशीनची घड्याळं जुळतात का ते बघून घ्या. घड्याळं जुळत नसतील तर लॉग एकमेकांशी लावता येत नाहीत, हा एक भाग. दुसरा असा की घड्याळ हेच कारण असू शकतं. सही केलेल्या टोकनवर "या वेळेआधी ग्राह्य नाही" अशी नोंद असू शकते. तीन सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ मागे असेल तर तो सर्व्हर ताजं टोकन भविष्यातलं समजून नाकारतो. तीनपैकी एक रिक्वेस्ट पडते आणि सगळ्यांना वाटतं, मधूनच होतंय.

दुसरी तपासणी: एकाच रिक्वेस्टच्या वेळेचे तुकडे पाडा

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फळ देणारी. कर्ल हा प्रोग्राम प्रत्येक टप्प्याची वेळ छापून देतो. त्यासाठी छोट्या डब्ल्यूचा पर्याय आहे. नाव शोधणं (डीएनएसकडून नावाचा आयपी मिळवणं), टीसीपी जोडणी, टीएलएस (सुरक्षित जोडणीची बोलणी), पहिला बाइट आणि एकूण, असे पाच आकडे मागवा. एका अडकलेल्या रिक्वेस्टचे आकडे असे दिसू शकतात:

नाव शोधणं: ५.०१२
टीसीपी जोडणी: ५.०३९
टीएलएस पूर्ण: ५.०९८
पहिला बाइट: ५.२४१
एकूण: ५.२४३

हे आकडे सुरुवातीपासूनचे असतात, प्रत्येक टप्प्याचे वेगळे नसतात. वजाबाकी आपण करायची. टीएलएस झाल्यापासून पहिल्या बाइटपर्यंत ०.१४३ सेकंद गेला. म्हणजे सर्व्हिसने आपलं काम चोख केलं, पाच सेकंद गेले ते नाव शोधण्यात. लिनक्समध्ये डीएनएस सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर पुढचा प्रयत्न करण्याआधी मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंद वाट पाहिली जाते. त्यामुळे पाचाच्या किंचित पुढचा आकडा दिसला की आधी डीएनएसकडे बघायचं. यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असतो, किंवा कंटेनरमध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे प्रश्न एकाच वेळी गेल्यामुळे त्यातला एक पॅकेट गळतो.

असे आणखी काही आकडे ओळखीचे करून ठेवण्यासारखे आहेत. जोडणीच्या टप्प्यात १, ३ किंवा ७ सेकंदांच्या आसपास वेळ गेला, तर जोडणी मागणारं पहिलं पॅकेट हरवलं. ६.५ च्या आधीचे लिनक्स कर्नल ते १ सेकंदाने पुन्हा पाठवतात, मग आणखी २ ने, मग आणखी ४ ने. कारण नेटवर्कमध्ये असेल किंवा सर्व्हरवर जोडण्या स्वीकारण्याची रांग भरलेली असेल. जुन्या लिनक्स कर्नलमध्ये ही रांग मूळ सेटिंगला फक्त १२८ ची होती, ५.४ आवृत्तीपासून ४०९६ झाली. बरोबर एक सेकंद जास्त लागतोय आणि तोही फक्त मोठ्या पोस्ट रिक्वेस्टला, तर क्लायंट "पाठवू का?" असं विचारणारा एक्स्पेक्ट हेडर पाठवून १०० च्या उत्तराची वाट पाहतोय का ते बघा. जुनं कर्ल १०२४ बाइटच्या वरच्या पोस्टला हे करायचं आणि उत्तर आलं नाही तर एक सेकंद थांबून मजकूर पाठवायचं. बारीक बारीक ४० मिलिसेकंदांचा उशीर वारंवार दिसला, तर टीसीपीच्या पोचपावतीचा उशीर आणि छोटी पॅकेट साठवून ठेवणं या दोन सोयी एकमेकींत अडकल्या आहेत.

३० आणि ६० सारखा गोल आकडा हा निसर्गातून येत नाही, कोणीतरी कुठेतरी तो लिहिलेला असतो. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी मूळ सेटिंगला ६० सेकंद थांबतं. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरही रिकामी जोडणी ६० सेकंदच धरतो. जावातला हिकारी हा कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघड्या जोडण्यांचा साठा) मोकळं कनेक्शन मिळावं म्हणून ३० सेकंद वाट पाहतो. बरोबर ३० सेकंदांनी एरर येत असेल तर डेटाबेस स्लो असल्याचं ठरवण्याआधी पूल संपतोय का ते बघा.

हे मोजमाप एकदाच करून उपयोग नाही. दर काही सेकंदांनी एक अशी काही तास रिक्वेस्ट पाठवत राहा आणि आकडे फाइलमध्ये साठवा. आणि शक्य असेल तर समोरच्या टीमच्या मशीनवरून करा. आपल्या लॅपटॉपवरून आपल्या सर्व्हिसला केलेली चाचणी त्यांच्या प्रॉक्सीतून, त्यांच्या डीएनएसमधून, त्यांच्या फायरवॉलमधून जात नाही. त्यांचा त्रास तिथेच कुठेतरी असेल तर आपली चाचणी कायम पासच होणार.

तिसरी तपासणी: सर्टिफिकेट

ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं म्हणजे सर्टिफिकेट बरोबर, असं धरून चालू नका. सर्व्हरने आपल्या सर्टिफिकेटसोबत मधली, म्हणजे इंटरमीडिएट, सर्टिफिकेटंही पाठवायची असतात. ती पाठवली नाहीत तरी बरेच ब्राउझर ती स्वतः मिळवतात किंवा आधीची साठवलेली वापरतात. जावा किंवा कर्ल बहुधा तसं करत नाही आणि सरळ नकार देतं. "ब्राउझरमधून चालते, प्रोग्राममधून नाही" या लक्षणाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने सर्व्हर नक्की किती सर्टिफिकेटं पाठवतोय ते दोन मिनिटांत दिसतं.

लोड बॅलन्सरच्या मागे चार सर्व्हर असतील तर चारही आयपी वेगवेगळे तपासा. कर्लला एखादं नाव ठरावीक आयपीवर न्यायला सांगता येतं. तिघांवर नवं सर्टिफिकेट चढलेलं आणि चौथ्यावर जुनं राहिलेलं, हा प्रकार दिसतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो.

क्लायंट जुना असेल तर त्याचीही बाजू बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं, तेव्हा सर्व्हरवर सगळं बरोबर असूनही ओपनएसएसएल १.०.२ वापरणारे कितीतरी क्लायंट अडकले. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवले गेले. आपण ते बंद केले आणि समोरच्याचा प्रोग्राम तिथेच अडकलेला असेल, तर तो आधी अपग्रेड व्हायला हवा. "सर्टिफिकेट तपासणी बंद करून बघा" हा सल्ला मात्र कोणालाही देऊ नका. तात्पुरता म्हणून केलेला तो बदल परत कोणी काढत नाही, आणि मग मधला कोणीही सगळी वाहतूक वाचू शकतो.

चौथी तपासणी: रिकाम्या जोडण्या

पहिल्या लक्षणावर, म्हणजे शंभरात एक-दोन ५०२ आणि लॉगमध्ये काहीच नाही यावर, माझा पहिला संशय इथेच असतो.

लोड बॅलन्सर मागच्या सर्व्हरशी केलेली जोडणी पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवतो. सर्व्हरही ती काही वेळ उघडी ठेवतो. आता लोड बॅलन्सर ६० सेकंद धरून बसलाय आणि सर्व्हर ५ सेकंदांत कंटाळतोय अशी कल्पना करा. अपाचे या वेब सर्व्हरची मूळ सेटिंग ५ सेकंदांचीच आहे, नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अनेक आवृत्त्यांतही तेवढीच. पाचव्या सेकंदाला सर्व्हर "बंद करतोय" असं पॅकेट पाठवतो, नेमकी त्याच क्षणी लोड बॅलन्सर त्या जोडणीवर नवी रिक्वेस्ट टाकतो. रिक्वेस्ट बंद दारावर आपटते, लोड बॅलन्सर क्लायंटला ५०२ देतो. ॲप्लिकेशनपर्यंत काहीच पोहोचलं नाही, मग लॉगमध्ये येणार कुठून?

उपाय साधा आहे: मागच्या सर्व्हरची वेळ पुढच्यापेक्षा जास्त ठेवा. पुढे ६० असेल तर मागे ६५ किंवा ७५. जो जोडणी वापरतो त्यानेच ती आधी बंद करावी, म्हणजे टक्कर होत नाही.

नेहमीच्या लोड टेस्टमध्ये हा बिघाड दिसत नाही, कारण टेस्ट सतत रिक्वेस्ट मारत असते आणि जोडणी रिकामी राहतच नाही. म्हणून एक मुद्दाम संथ टेस्ट लिहा. तीच जोडणी उघडी ठेवून ४.९, ५.०, ५.१ सेकंदांच्या अंतराने रिक्वेस्ट पाठवा आणि हे बराच वेळ चालू द्या. इतर टेस्ट शंभर वेळा पास झालेल्या असताना ही टेस्ट फेल होते.

याचंच दुसरं रूप म्हणजे शांततेनंतरच्या पहिल्या रिक्वेस्ट पडणं. मधली फायरवॉल रिकामी जोडणी आपल्या यादीतून काढून टाकते आणि कोणालाही कळवत नाही. पूलला वाटतं जोडणी जिवंत आहे. लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते विचारणारी) तपासणी मूळ सेटिंगला ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू होते, तोवर फायरवॉलने केव्हाच नाव कापलेलं असतं. पूलमधल्या जोडणीचं कमाल आयुष्य फायरवॉलच्या वेळेपेक्षा कमी ठेवा, किंवा कीपअलाइव्ह लवकर सुरू करा.

पाचवी तपासणी: टाइमआउट आणि रिट्रायची साखळी

क्लायंट, गेटवे, सर्व्हिस, डेटाबेस अशी साखळी कागदावर काढा आणि प्रत्येक कडीवर टाइमआउट लिहा. काही कड्यांवर तो नसेलच: पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि गोचा मूळ एचटीटीपी क्लायंट सांगितल्याशिवाय टाइमआउट लावत नाहीत. समोरचा अडकला की हेही कायमचे अडकतात आणि एकेक थ्रेड (काम करणारा धागा) गिळला जातो. रीस्टार्टने बरं वाटण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बाहेरच्या कडीचा टाइमआउट आतल्यापेक्षा जास्त हवा. उलटं असेल तर क्लायंट १० सेकंदांनी निघून जातो, पण आतली क्वेरी ३० सेकंद राबत राहते, ज्याचं उत्तर कोणालाच नको आहे अशा कामासाठी. त्यात क्लायंटने रिट्राय केला की तशीच दुसरी क्वेरी सुरू होते.

रिट्राय किती थरांत आहे ते मोजा. तीन थर प्रत्येकी तीनदा प्रयत्न करत असतील तर वापरकर्त्याच्या एका क्लिकमागे सगळ्यात आतल्या सर्व्हिसवर २७ रिक्वेस्ट पडू शकतात, तेही ती आधीच दमलेली असताना. रिट्राय एकाच थरात ठेवा, दर वेळी थांबण्याची वेळ वाढवा आणि तिच्यात थोडा यादृच्छिक फरक टाका, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येतात. ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) किंवा ५०३ (सध्या सेवा देता येत नाही) सोबत "इतक्या वेळाने या" असा हेडर आला असेल तर तो पाळा.

पोस्टवर रिट्राय लावण्याआधी थांबा. गेट, पुट, डिलीट पुन्हा केल्याने परिणाम बदलू नये असं एचटीटीपीच्या नियमांतच आहे, पोस्टबद्दल तशी हमी नाही. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नव्हे, झालं की नाही ते कळलं नाही. प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनेच दिलेला एक वेगळा क्रमांक असू द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने काम न करता आधीचं उत्तर द्यावं. आणि याची टेस्ट लिहा: उत्तर मुद्दाम मध्येच तोडून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवा, नोंद एकच झाली पाहिजे.

सहावी तपासणी: लोड टेस्ट, पण खरी

इथून पुढे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. प्रॉडक्शनसारखं वातावरण, खऱ्यासारखा डेटा आणि ज्यांच्या सर्व्हिसला आपण हाक मारतो त्यांची लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हिसवर लोड टाकू नका. त्यांच्या दृष्टीने तो हल्लाच असतो.

सरासरी बघू नका. ९५वा आणि ९९वा शतमान बघा, म्हणजे शंभरातल्या ९५ किंवा ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ. एका पानासाठी १०० सर्व्हिस-कॉल लागत असतील आणि प्रत्येक कॉल शंभरात एकदाच हळू होत असेल, तर निदान एक कॉल हळू होण्याची शक्यता ६३ टक्के. म्हणजे सर्व्हिसवाल्याला एक टक्का दिसणारा त्रास वापरकर्त्याला निम्म्याहून जास्त वेळा होतो. "सरासरी छान, तरी तक्रारी" हे कोडं इथे सुटतं.

टूलची मांडणीही तपासा. जेमीटर या लोड टेस्टच्या टूलमध्ये ठरावीक संख्येचे थ्रेड लावले की प्रत्येक थ्रेड उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट मारतो. सर्व्हिस दहा सेकंद गोठली तर टूलही दहा सेकंद गप्प बसतं, आणि त्या काळात ज्या शेकडो रिक्वेस्ट यायला हव्या होत्या त्या मोजल्याच जात नाहीत. रांगेत तासभर उभं राहून खिडकीपाशी पोहोचल्यावर घड्याळ सुरू करावं, तसं हे मोजमाप. खरे वापरकर्ते एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्यामुळे दर सेकंदाला ठरावीक रिक्वेस्ट पाठवणारी मांडणी निवडा. के६, गॅटलिंग यांत ती सोय आहे, जेमीटरमध्येही योग्य टायमर किंवा थ्रेड ग्रुप लावून करता येते.

आकडे आले की एक साधा हिशोब करा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: एका वेळी आत असलेली कामं म्हणजे दर सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. पूलमध्ये १० कनेक्शन आणि प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन ०.०५ सेकंद धरते, तर कमाल झेप सेकंदाला २००. एखाद्या क्वेरीचा इंडेक्स निसटून तीच वेळ ०.२ सेकंद झाली, की झेप ५० वर येते. बाहेरून १०० येत असतील तर रांग वाढतच जाणार. अशा वेळी पूल १० चा १०० करणं मोहाचं असतं, पण डेटाबेस आधीच दमला असेल तर त्याच्यावर दहापट माणसं चढवून काय मिळणार? आधी ती क्वेरी शोधा.

प्रत्येक रिक्वेस्टला नवी जोडणी उघडली जात असेल तर आणखी एक भिंत आहे. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मूळ सेटिंगला ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरतं, आणि बंद केलेला पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. जोडण्या आपल्याच बाजूने बंद होत असतील, तर एकाच पत्त्यावर सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या झाल्या की पोर्ट संपतात. दहा मिनिटांची हलकी टेस्ट इथवर पोहोचतच नाही.

सर्वांत शेवटी, जास्त लोड न टाकता नेहमीच्या लोडवर टेस्ट रात्रभर चालू ठेवा आणि मेमरी, उघड्या फाइल, थ्रेड यांचा आलेख बघा. सतत चढणारी रेघ दिसली की रीस्टार्टचं कोडं सुटलं.

सातवी तपासणी: २०० आला, पण डेटा बरोबर आहे का?

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे, कारण इथे अलार्म वाजत नाही. टेस्ट स्टेटस कोड बघते आणि हिरवी होते.

एक उदाहरण जवळून बघू. रिस्पॉन्समध्ये नाव "गौरी" आहे. युनिकोडच्या हिशोबाने त्यात चार चिन्हं: ग, औकार, र, ईकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून हे नाव १२ बाइटचं. आता सर्व्हरच्या कोडमध्ये कोणी मजकुराची लांबी सांगणारा हेडर चिन्हं मोजून भरला असेल, तर तो ८ ने कमी भरतो. क्लायंट सांगितलेले तेवढेच बाइट वाचतो, जेसनच्या शेवटचे कंस कापले जातात आणि पार्सर ओरडतो. रोमन अक्षरांतल्या नावांना काहीच होत नाही, कारण तिथे चिन्ह आणि बाइट समान. म्हणून लॉगमध्ये हा बिघाड "मधूनच" दिसतो. टेस्टच्या डेटात देवनागरी नावं, जोडाक्षरं आणि इमोजी नेहमी ठेवा. डेटाबेसच्या कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

दुसरं आकड्यांचं. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीने अचूक राहतो. सर्व्हरने ६४ बिटचा आयडी ९००७१९९२५४७४०९९३ असा संख्या म्हणून पाठवला, तर ब्राउझरमध्ये तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एरर नाही, इशारा नाही, फक्त दुसऱ्याच कोणाची तरी नोंद उघडते. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.

तारखेला टाइमझोनचा फरक जोडून पाठवा, नाहीतर मध्यरात्रीची नोंद समोरच्याकडे आदल्या दिवशी जाते. हेडरचं नाव कोडमध्ये लहान-मोठी अक्षरं बघून शोधू नका. एचटीटीपी/२ मध्ये सगळी हेडरनावं लहान अक्षरांतच येतात, त्यामुळे मधला प्रॉक्सी अपग्रेड झाला की असा कोड अचानक पडतो. जेसनच्या सुरुवातीला बाइट-क्रम सांगणारी अदृश्य खूण पाठवू नका, काही पार्सर तिच्यावरच अडखळतात. फील्ड नसणं आणि फील्ड असून रिकामं असणं यात तुमची सर्व्हिस फरक करते का, ते लिहून ठेवा.

सोप (एक्सएमएलमधून निरोप देणारी वेब सर्व्हिसची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी: १.१ मध्ये मजकुराचा प्रकार टेक्स्ट/एक्सएमएल असतो, १.२ मध्ये ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल. दोघांची गल्लत झाली की सर्व्हर बहुधा ४१५ (हा मजकुराचा प्रकार चालत नाही) देतो आणि लोक डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) चाळत बसतात. आधी हा हेडर बघा.

या तपासणीसाठी किमान दोन वेगळ्या भाषांतले क्लायंट वापरा. ज्या लायब्ररीने सर्व्हर लिहिला त्याच लायब्ररीचा क्लायंट वापरून केलेली टेस्ट आपल्याच चुका आपल्यालाच समजतात एवढं सिद्ध करते.

आठवी तपासणी: पॅकेट

हे शेवटी, कारण वेळखाऊ आहे आणि परवानग्या लागतात. दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारा प्रोग्राम) लावायचा आणि तीच रिक्वेस्ट दोन्हीकडे शोधायची. एकाच टोकाची नोंद घेऊन निष्कर्ष काढू नका.

"छोटी जाते, मोठी लटकते" हे लक्षण असेल तर आधी एक स्वस्त चाचणी आहे. तुकडे न पाडण्याच्या अटीवर १४७२ बाइट डेटाचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइट हेडरचे मिळून १५०० होतात. तो जात नसेल आणि १३०० चा जात असेल, तर वाटेत एखादा व्हीपीएन किंवा टनेल आहे आणि "पॅकेट मोठं आहे" हे सांगणारा आयसीएमपी संदेश कोणीतरी अडवतोय. मात्र वाटेत पिंगच बंद असेल तर या चाचणीवरून काहीच ठरत नाही.

कुठे थांबायचं

दोन्ही टोकांच्या नोंदीत पॅकेट निघालेलं दिसतं पण पोहोचलेलं दिसत नाही, तर आपलं काम संपलं. पुढचं नेटवर्क टीमचं किंवा सेवा पुरवठादाराचं. फायरवॉलचे नियम स्वतः सैल करून बघू नका.

प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये लॉक अडकलेले दिसले तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा. हातानेच सेशन मारण्याचा मोह होतो, पण अर्धवट राहिलेला मोठा व्यवहार मागे फिरवायला डेटाबेसला तासही लागू शकतो, आणि तोवर सगळंच ठप्प.

पैशाचा व्यवहार दोनदा झाल्याचा एकही पुरावा मिळाला तर तपास बाजूला ठेवून आधी तो मार्ग बंद करायला सांगा आणि हिशोबाच्या लोकांना कळवा. खासगी की बाहेर गेल्याची शंका, अनोळखी आयपींवरून अचानक आलेला लोंढा, किंवा वापरकर्त्याला दुसऱ्याचाच डेटा दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सुरक्षा टीम. तोवर रीस्टार्ट करू नका, लॉग पुसू नका.

आणि पॅकेटच्या नोंदीत पासवर्ड, टोकन, लोकांची माहिती असते. ती फाइल तिकिटाला जोडू नका, चॅटवर टाकू नका.

तज्ज्ञाला बोलावताना हातात एवढं असू द्या: एका फसलेल्या आणि एका यशस्वी रिक्वेस्टचे पाचही टप्प्यांचे आकडे, दोन्ही रिक्वेस्ट कोणत्या थरापर्यंत दिसल्या, टाइमआउटच्या साखळीचा कागद आणि बिघाड सुरू होण्याआधी शेवटचा बदल काय झाला होता. सर्टिफिकेट, डीएनएस, फायरवॉल, लायब्ररीची आवृत्ती, काहीही. "काहीच बदललं नव्हतं" असं उत्तर आलं तर समोरच्या टीमलाही तोच प्रश्न विचारा.